रंगाचं सांडपाणी, जिवाणू आणि कोळसा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

भिवंडी, तळोजा, डोंबिवली या पट्ट्यातल्या डाईंग युनिटांचे, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचे, ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण संच) सुरू करून देणं आणि बिघडले की पुन्हा मार्गी लावणं, हे माझं काम. खालचे प्रश्न ऑपरेटर, सुपरवायझर, मालक आणि माटुंग्याच्या कॉलेजांतली प्रोजेक्टवाली मुलं यांनी विचारलेले आहेत. काही फोनवर, बरेचसे एअरेशन टँकच्या (हवा सोडायच्या टाकीच्या) कठड्याला टेकून. एकाच विषयाभोवती ते फिरतात: सांडपाण्यातला रंग जिवाणूंकडून मोडून घेताना ॲक्टिव्हेटेड कार्बनची, म्हणजे खास सच्छिद्र केलेल्या कोळशाची, मदत कशी घ्यायची.

ॲक्टिव्हेटेड कार्बन टाकला की रंग जातोच. मग जिवाणूंची भानगड कशाला?

जातो, पण फक्त पाण्यातून. तो कोळशात जाऊन बसतो. चांगल्या ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या एका ग्रॅममध्ये ५०० ते १५०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. सरासरी हजार धरा, म्हणजे शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या पुडीत अख्ख्या शिवाजी पार्कएवढी जागा. तरीही ती जागा कधीतरी भरतेच. भरल्यावर तो कोळसा घातक कचरा ठरतो, त्याचे ड्रम भरून तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडे गाडी पाठवावी लागते आणि नवा माल मागवावा लागतो. रोज शंभर घनमीटर पाणी सोडणाऱ्या युनिटला हा खर्च परवडत नाही. मग पावडर कमी-कमी होत जाते आणि एक दिवस बंद पडते. हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे.

जिवाणू रंगाचा रेणूच तोडतात. कोळसा त्यांच्या हाताशी दिला तर तेच काम ते कितीतरी वेगाने करतात आणि कोळसाही लवकर भरत नाही. या पद्धतीचं सगळं आकर्षण इथे आहे.

आमच्याकडे एअरेशन टँक आहे, ब्लोअर चोवीस तास चालतो. बीओडी (जिवाणूंना पचणाऱ्या घाणीचं माप) उतरतो, रंग मात्र जसाच्या तसा. का?

कारण बहुतेक रंग हवेशीर टाकीत मोडतच नाहीत. वापरातले निम्म्याहून जास्त कृत्रिम रंग ॲझो जातीचे आहेत. त्यांच्या रेणूत दोन नायट्रोजन अणूंमध्ये दुहेरी बंध असतो आणि रंग दिसतो तो या बंधामुळे. तो तोडायला चार इलेक्ट्रॉन लागतात. जिवाणूंकडे इलेक्ट्रॉन असतात, अन्न पचवताना ते मोकळे होतात. पण टाकीत ऑक्सिजन असेल तर तो ते सगळे आधी पळवतो आणि रंगाच्या वाट्याला काही उरत नाही.

म्हणून आधी बिनहवेची टाकी हवी. ब्लोअर नाही, पाणी पडताना फेस नाही, वरून झाकलेली. ओआरपी मीटर (पाण्याची ऑक्सिडीकरण-क्षपण स्थिती दाखवणारं) उणे २०० ते उणे ३०० मिलिव्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर टाकी योग्य अवस्थेत आहे असं समजा.

मग कार्बन नेमकं करतो काय?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

रिॲक्टिव्ह रंगांचे, म्हणजे सुती कापडाला पक्के बसणाऱ्या रंगांचे, रेणू मोठे असतात आणि त्यांना सल्फोनेटचे गट चिकटलेले असतात. असा रेणू जिवाणूच्या पेशीत सहसा शिरू शकत नाही. म्हणजे इलेक्ट्रॉन पेशीच्या आत तयार होतो, रंग बाहेर पाण्यात तरंगतो आणि दोघांची गाठ पडत नाही. दादर स्टेशन डोळ्यासमोर आणा. पश्चिम रेल्वेची गर्दी एका बाजूला, मध्य रेल्वेची गाडी दुसऱ्या बाजूला. मधला पूल काढून टाकला तर दोन्हीकडे गाड्या असूनही कोणी कुठे पोचणार नाही. सांडपाण्यात अडतं ते नेमकं इथेच.

संशोधकांनी आधी हमाल वापरून पाहिले. क्विनोन नावाच्या संयुगांचे विरघळणारे प्रकार, उदाहरणार्थ अँथ्राक्विनोन डायसल्फोनेट, जिवाणूंकडून इलेक्ट्रॉन घेतात, रंगाला नेऊन देतात आणि रिकाम्या हाताने पुन्हा परत येतात. काम झपाट्याने होतं. अडचण अशी की हा हमाल पाण्याबरोबर टाकीबाहेर निघून जातो, तेव्हा तो रोज नवा घालावा लागतो आणि पुढच्या पाण्यात स्वतःच प्रदूषक होऊन बसतो.

२००३ मध्ये नेदरलँड्समधल्या वागेनिंगेनच्या संशोधकांनी दाखवलं की ॲक्टिव्हेटेड कार्बन हेच काम जागेवर बसून करतो. कार्बनच्या पृष्ठभागावरही क्विनोनसारखे गट असतात. शिवाय त्याच्या आतले ग्राफाईटसारखे थर वीज वाहून नेतात. जिवाणू कणावर वस्ती करतात, एका बाजूने इलेक्ट्रॉन देतात, रंग दुसऱ्या बाजूला चिकटून तो घेतो आणि तुटतो. कोळसा यात खर्च होत नाही. हमालाचा पूल झाला, आणि पूल वाहून जात नाही.

म्हणूनच इथे शोषणासाठी लागतो तेवढा कोळसा लागत नाही. प्रयोगशाळेत लिटरमागे ०.१ ग्रॅम इतक्या चिमूटभर कार्बननेही रंग मोडण्याचा वेग स्पष्टपणे वाढलेला दिसला आहे.

रंग कोळशाने शोषला की जिवाणूंनी मोडला, हे ओळखायचं कसं?

हे ओळखल्याशिवाय एक किलोही खरेदी करू नका. विकणारा माणूस बीकरमध्ये पावडर टाकून पाच मिनिटांत पाणी स्वच्छ करून दाखवतो. तो केवळ शोषणाचा खेळ असतो. तुमच्या टाकीत सहा महिन्यांनी काय होईल ते त्यावरून कळत नाही.

रबरी बुचाच्या चार काचेच्या बाटल्या घ्या. चारही बाटल्यांत तुमच्याच इक्वलायझेशन टाकीतलं (सगळं सांडपाणी एकत्र जमतं त्या टाकीतलं) पाणी, पीएच सातच्या जवळ आणलेलं, थोडा खाण्याचा सोडा आणि थोडं स्टार्च. पहिलीत फक्त बिनहवेचा गाळ, म्हणजे बिनहवेच्या टाकीतला जिवाणूंनी भरलेला गाळ. दुसरीत फक्त कार्बन. तिसरीत गाळ आणि कार्बन दोन्ही. चौथीत उकळून मारलेला गाळ आणि कार्बन. बुचं घट्ट लावा, बाटल्या अंधारात ठेवा आणि दिवसातून दोनदा हलक्या हाताने फिरवा.

पहिल्या दिवशी दुसरी, तिसरी आणि चौथी बाटली तुम्हाला फसवतील, तिन्ही फिकट झालेल्या दिसतील. घाई करू नका. रंग गेला की त्याच बाटल्यांत पुन्हा तेवढाच रंग सोडा, मग तिसऱ्यांदा, मग चौथ्यांदा. दुसरी आणि चौथी बाटली हळूहळू रंगीत होऊन रंगीतच राहते, कारण कोळसा भरला. तिसरी दर वेळी फिकट होते, आणि पहिलीपेक्षा लवकर. हा फरक डोळ्यांनी दिसला की समजायचं, पूल चालू आहे.

मोजणीतली एक खबरदारी: नमुना गाळून किंवा सेंट्रिफ्यूज करून लगेच मोजा. बारीक काळे कण राहिले तर रीडिंग चुकतं, आणि हवेत ठेवला तर नमुन्याचा रंग पुन्हा बदलतो. असं का होतं ते पुढे येतं.

बाजारात नारळाच्या करवंटीचा कार्बन सहज मिळतो. तोच घेऊ का?

थांबा. करवंटीचा कार्बन पाणी शुद्धीकरणात नावाजलेला आहे आणि त्याचा आयोडीन नंबरही (तो किती आयोडीन शोषतो त्याचा आकडा) भरघोस असतो. पण ती छिद्रं फार बारीक, बहुतेक दोन नॅनोमीटरच्या आतली. आयोडीनचा लहान रेणू त्यात मजेत शिरतो, रिॲक्टिव्ह रंगाचा धिप्पाड रेणू दारातच अडतो. आपल्याला मध्यम आकाराची छिद्रं जास्त असलेला कार्बन हवा, आणि तो लाकडापासून किंवा लिग्नाईटपासून बनवलेल्या मालात बरा मिळतो. विक्रेत्याला आयोडीन नंबरच्या जोडीने मिथिलीन ब्लू व्हॅल्यू (मिथिलीन ब्लू हा मोठ्या रेणूचा रंग किती शोषतो तो आकडा) विचारा. ती न सांगणाऱ्याचा माल मी घेत नाही.

दुसरी गोष्ट पृष्ठभागाच्या स्वभावाची. ॲझो रंग पाण्यात बहुतेक ऋणभारित असतात, त्यामुळे आम्लधर्मी पृष्ठभाग त्यांना दूर लोटतो आणि अल्कधर्मी पृष्ठभाग जवळ घेतो. नायट्रिक ॲसिडने धुतलेला कार्बन या कामात मागे पडतो, तर हायड्रोजनच्या वातावरणात उच्च तापमानाला तापवलेला कार्बन पुढे जातो, असं प्रयोगांतून दिसलं आहे. खरेदी करताना इतकंच करा: मालातला थोडा कार्बन घेऊन डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळा, रात्रभर ठेवा आणि सकाळी पीएच बघा. आठच्या वर असेल तर बरं लक्षण.

बायोचार चालेल का? भाताचा तूस, उसाचं चिपाड आपल्याकडे भरपूर आहे.

चालेल, आणि मला यात खरी आशा वाटते. कोकणातला तूस, पश्चिम महाराष्ट्रातलं चिपाड, दोन्ही जवळचे आणि स्वस्त. बिनहवेच्या भट्टीत भाजलेला हा कोळसा ॲक्टिव्हेटेड कार्बनइतका सच्छिद्र नसतो, पण पूल म्हणून काम करायला प्रचंड पृष्ठभागाची गरजच नाही. भट्टीचं तापमान मात्र विचारा. चारशे-पाचशे अंशांना भाजलेल्या मालात क्विनोनसारखे गट जास्त टिकतात, सातशेच्या पुढे ते कमी होतात पण वीज वाहण्याचा गुण वाढतो. कोणता तुमच्या पाण्याला मानवतो हे बाटल्याच सांगतील. तुसाच्या कोळशात राख आणि सिलिका खूप असते, तो आधी धुऊन घ्या.

ग्राफीन, कार्बन नॅनोट्यूब वगैरे?

प्रयोगशाळेत उत्तम. ईटीपीसाठी आज तरी नको. महाग आहेत, इतके बारीक आहेत की पाण्याबरोबर निसटतात, आणि निसटल्यावर खाडीतल्या जिवांना त्यांचा त्रास होऊ शकतो. रंग काढताना दुसरं काहीतरी खाडीत सोडण्यात अर्थ नाही.

रोज किती टाकायचा?

हिशेब सोपा आहे, पण बहुतेक जण तो करत नाहीत. कार्बन पाण्याबरोबर बाहेर जात नाही, गाळाबरोबर जातो. त्यामुळे तो टाकीत साठत राहतो. समजा रोज १०० घनमीटर पाणी येतं आणि तुम्ही लिटरमागे ५० मिलिग्रॅम टाकता, म्हणजे दिवसाला ५ किलो. टाकीत पाणी एक दिवस थांबतं आणि गाळाचं वय, म्हणजे गाळ टाकीत सरासरी जितके दिवस राहतो ते, वीस दिवसांचं आहे. तर काही आठवड्यांनी टाकीतला कार्बन ५० च्या वीसपट, म्हणजे लिटरमागे १००० मिलिग्रॅम होतो. रोज चिमूटभर टाकून टाकीत भरभक्कम साठा उभा राहतो. बिनहवेच्या टाकीत गाळाचं वय आणखी मोठं असतं, तिथे याहूनही कमी पुरतं.

पावडर कोरडी ओतू नका. माझ्या सुरुवातीच्या एका कामावर आम्ही साठा एकदम उभा करायच्या हौसेने चाळीस किलो पावडर थेट टाकीत रिकामी केली. दुपारी क्लॅरिफायरच्या (गाळ खाली बसवायच्या टाकीच्या) कडेच्या व्ही-नॉचवरून काळं पाणी वाहायला लागलं आणि सँड फिल्टर तुंबला. तो पूर्ववत करायला तीन दिवस गेले. तेव्हापासून मी पावडर आधी ड्रममध्ये पाण्यात भिजवतो, पातळ रबडी करतो आणि डोसिंग पंपाने थोडी-थोडी सोडतो. रोज एक लिटरच्या सिलिंडरमध्ये गाळ तीस मिनिटं बसवून बघतो. वरचं पाणी काळपट दिसलं की डोस थांबवायचा. वरच्या दिशेने पाणी वाहणाऱ्या टाकीत पावडरीऐवजी दाणेदार कार्बन घेतला तर तो निसटायची भीती फार कमी.

जिवाणूंना खायला साखर-गूळ घालावा लागतो म्हणतात. खर्च वाढेल ना?

विकत घेऊ नका. तुमच्या डिसाईझिंगच्या, म्हणजे कापडाची खळ धुऊन काढायच्या, पाण्यात स्टार्च आहे, ते नाल्यात का घालवता? हिशेब बघा. ६०० च्या आसपास रेणुभार असलेला, एका ॲझो बंधाचा रंग लिटरमागे १०० मिलिग्रॅम असेल तर तो तोडायला लागणारे इलेक्ट्रॉन जेमतेम ५ मिलिग्रॅम सीओडीतून (सीओडी म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) मिळतात. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट अन्न लागतं, कारण बरेचसे इलेक्ट्रॉन मिथेनकडे आणि सल्फेटकडे वळतात. तरीही डिसाईझिंगचं पाणी आणि कामगारांच्या संडास-बाथरूमचं सांडपाणी मिळून बहुतेक युनिटांची गरज भागते. पॉलिव्हिनाईल अल्कोहोलचं साईझिंग (खळ) असेल तर मात्र ते जिवाणूंना सहज पचत नाही, तिथे दुसरी सोय बघावी लागेल.

पाणी बिनरंगी झालं. आता सोडायचं ना?

नाही. कृपा करून सोडू नका.

या एका उत्तरासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. ॲझो बंध तुटला की रंग दिसेनासा होतो, पण रेणूचे दोन तुकडे पाण्यातच असतात. त्यांना ॲरोमॅटिक अमाईन म्हणतात. डोळ्याला काही दिसत नाही, आणि त्यातली काही मूळ रंगापेक्षा जास्त विषारी असतात. बेंझिडीन हे त्यातलंच एक. रंग कारखान्यांतल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होण्याशी त्याचा संबंध फार पूर्वी सिद्ध झाला आहे. अशी घातक अमाईन सोडणाऱ्या रंगांवर भारतात १९९० च्या दशकात बंदी आली. पण बंदी नसलेल्या रंगांचे तुकडेही प्यायच्या लायकीचे होत नाहीत.

लोकांना प्रदूषण दिसतं ते रंगामुळे. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळे कुत्रे फिरताना दिसले, कासाडी नदीच्या प्रदूषणाची बातमी जगभर गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि मुख्यमंत्र्यांना येऊन बघावं लागलं. लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षाही कमी रंग डोळ्यांना जाणवतो, म्हणून ओरड होते. अमाईनची ओरड कोणी करत नाही. कासाडीच्या पाण्यात जाळं टाकणाऱ्याला ती दिसत नाहीत. म्हणून ती जबाबदारी ईटीपी चालवणाऱ्यावर येते.

बिनहवेच्या टाकीनंतर एअरेशन टँक हवाच. अमाईन मोडायला ऑक्सिजन लागतो. सल्फोनेटचा गट असलेली अमाईन इथेही चिवट असतात, आणि कार्बनचा दुसरा उपयोग इथे होतो. तो अमाईनना धरून ठेवतो, त्यामुळे सावकाश वाढणाऱ्या जिवाणूंना त्यांच्यावर काम करायला गाळाच्या वयाइतका अवधी मिळतो. एअरेशन टँकमध्ये पावडर कार्बन घालायची ही रीत नवी नाही. अमेरिकेत न्यू जर्सीच्या डूपाँटच्या चेंबर्स वर्क्स कारखान्यात ती १९७० च्या दशकातच मोठ्या प्रमाणावर वापरात आली, पॅक्ट या नावाने.

बिनरंगी पाणी एअरेशनमध्ये आल्यावर पुन्हा तपकिरी का होतं?

काही अमाईन हवा लागताच आपोआप ऑक्सिडाईज होऊन एकमेकांना जोडली जातात आणि पिवळट-तपकिरी संयुगं बनतात. ती पुढे मोडणं अवघड. दोन टाक्यांमध्ये पाणी उंचावरून पाडू नका, सरळ पाईपने गाळाच्या आत सोडा, म्हणजे हवा लागायच्या आधी जिवाणू भेटतील. इंडिगोची गोष्ट वेगळी: तो बिनहवेत फिका होतो आणि हवेत पुन्हा निळा. उल्हासनगरच्या बाजूला जीन्स धुणाऱ्यांनी वालधुनी नदीत निळं पाणी वाहताना पाहिलं असेल. त्याच्यासाठी ही पद्धत एकटी पुरत नाही.

मीठ, म्हणजे टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार), यातून कमी होईल?

नाही. कार्बनने नाही, जिवाणूंनीही नाही. टेक्स्टाईलच्या २०१६ च्या मानकांत रंगाला १५० प्लॅटिनम-कोबाल्ट युनिट (रंग मोजायचं एकक), सीओडीला लिटरमागे २५० आणि बीओडीला ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. तिथपर्यंत जायला ही पद्धत मदत करते. मिठाचं पाणी मशीनवरच वेगळं काढा.

टाकीला कुजक्या अंड्याचा वास येतो.

डाईंगला ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) वापरत असाल तर येणारच. जिवाणू त्यातल्या सल्फेटचा सल्फाईड करतात. गंमत अशी की सल्फाईड स्वतःही ॲझो बंध तोडतो, कार्बन असेल तर अधिकच. पण हायड्रोजन सल्फाईड माणूस मारतो, आणि जास्त प्रमाणात असला तर वास येणंच बंद होतं. त्या टाकीत कोणीही, कोणत्याही कारणाने, तपासणी आणि हवेची सोय केल्याशिवाय उतरायचं नाही. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे: ओला ॲक्टिव्हेटेड कार्बन बंद जागेतला ऑक्सिजन ओढून घेतो. कार्बन फिल्टरचं भांडं रिकामं, स्वच्छ दिसलं तरी आत श्वास घेण्याजोगी हवा असेलच असं नाही. आत पडलेल्या सोबत्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. भांड्यावर मोठ्या अक्षरात पाटी लावा, मराठीत आणि हिंदीत.

पावसाळ्यात काय?

झाकण. मुंबईचा पाऊस उघड्या टाकीत पडला की पाणी पातळ होतं, ऑक्सिजन शिरतो आणि गाळ उसळून निघून जातो. जूनच्या आधी पत्रे टाकून घ्या आणि छपराचं पाणी ईटीपीच्या गटारात येत नाही ना, ते बघा. तापमानाची चिंता नको, आपल्या हवेत जिवाणू वर्षभर खूश असतात. फक्त मशीनवरून येणारं साठ-सत्तर अंशांचं पाणी चाळीसच्या खाली आणा. ब्लीचिंगचा हायपो (हायपोक्लोराईट) आधी संपवून घ्या, तो जिवाणू मारतो आणि कार्बनचा पृष्ठभागही बिघडवतो.

कॉलेजात प्रोजेक्ट करायचा आहे. गाळ कुठून आणू?

सांडपाणी केंद्राच्या डायजेस्टरमधला मिळाला तर उत्तम, नाहीतर चालू गोबरगॅसची ताजी स्लरी. कॅन तोंडापर्यंत भरा म्हणजे वर हवा राहणार नाही, आणि बूच एकदम घट्ट करू नका, गॅसने कॅन फुगतो. आणल्यावर लगेच पूर्ण रंग देऊ नका. पहिला आठवडा लिटरमागे २० मिलिग्रॅम, मग हळूहळू वाढवा. एकच रंग निवडा, त्याचं नाव आणि बॅच नोंदवा. चारही बाटल्यांवर पहिल्याच दिवशी तारीख, वेळ आणि पीएच लिहून चिकटपट्टी लावा, कारण तिसऱ्या दिवशी फिकट झालेल्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की त्यातली कोणती कुठली हे नुसतं बघून सांगता येत नाही.